अडीच ग्रॅम जास्त

पावफेरे हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव विजेच्या बिलावर छापलेलं असतं, पण ते वाचायची तसदी गल्लीत आजवर कुणी घेतलेली नाही. झालं असं, की फार वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या लक्षात आलं, हा मेकॅनिक कार्बोरेटरचा स्क्रू एका वेळी पाव फेराच फिरवतो. मग हात मागे बांधून मिनिटभर इंजिन ऐकत उभा राहतो. मग पुन्हा पाव फेरा. गिऱ्हाईक घाईत होतं. ते वैतागून "अहो पावफेरे, आटपा" म्हणालं, आणि ते नाव असं चिकटलं की आता कुरिअरवालाही तीच हाक मारून पाकीट देतो. त्यांच्या बायकोला शेजारणी पावफेरेवहिनी म्हणतात आणि तिला त्याचं काही वाटत नाही. तिचं गाऱ्हाणं वेगळं आहे. हा माणूस घरी शेगडीचं बटणही पाव पाव फेऱ्यानं फिरवतो आणि दुधाकडे कान लावून उभा राहतो, तोवर दूध ओट्यावर.

दुकान म्हणजे एक शटर, आत दोन मोटरसायकली मावतील एवढी जागा. तिसरी आली की ती फुटपाथवर. मागच्या भिंतीवर शाळेतून भंगारात निघालेला एक फळा, आणि त्या फळ्यावर पावफेऱ्यांचं सगळं शास्त्र. गाडीत एका वेळी एकच गोष्ट बदलायची. काय बदललं ते खडूनं डावीकडे लिहायचं, गाडी फिरवून आणायची आणि काय झालं ते उजवीकडे लिहायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशानं आला ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि या एका म्हणण्यापायी आजवर तीन चांगले कारागीर त्यांना सोडून गेले. नव्या गाड्यांच्या वाटेला ते जात नाहीत. त्यांना हवी जुनी, लोखंडी, किक मारायची गाडी, जिच्यात पेट्रोल आणि हवेचं आपसात जमवून द्यायला मुठीएवढा कार्बोरेटर असतो. त्या दोघांचं बिनसलं की गाडी खोकते, मिसिंग मारते, रुसून बसते. ते जुळवून देणं म्हणजे पावफेऱ्यांचा जीव की प्राण.

त्यांचा दुसरा अभिमान सोल्डरचा, म्हणजे शिशाच्या झाळीचा. टाकी गळो, नळी चिरो, पावफेरे तिथं सोल्डर मारणार आणि तेही हात सैल सोडून, भरपूर. "मी जाईन, माझं सोल्डर राहील," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेजारच्या सोनारानं ते इतक्या वेळा ऐकलं होतं की पावफेऱ्यांनी "मी जाईन" म्हटलं की तो "कधी?" असं विचारायचा.

तर एका गुरुवारी सकाळी सिस्टर गाडी ढकलत दुकानात आल्या.

सिस्टर म्हणजे टेकडीवरच्या इस्पितळातल्या निवृत्त नर्स. सदतीस वर्षं नोकरी, त्यातली तेहेतीस याच मोटरसायकलवर. पावफेऱ्यांची दोन्ही मुलं सिस्टरच्या हातावर झाली आणि सिस्टरची गाडी पावफेऱ्यांच्या हातावर वाढली, असं वहिनी म्हणायच्या. उंची बेताची, पण आवाज वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचणारा. त्या दिवशी तो आवाजच कुठे गेला होता कोण जाणे.

"बंद पडली?" पावफेऱ्यांनी विचारलं.

"पडली." सिस्टरनी गाडी स्टँडला लावली, स्टुलावर बसल्या आणि हातमोजे काढून मांडीवर ठेवले. "ही शेवटची खेप, पावफेरे. रविवारपर्यंत जमलं तर जमलं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गेल्या आठवड्यात टेकडीच्या अवघड वळणावर गाडी गचके खाऊन बंद पडली. ब्रेक लागेपर्यंत ती हातभर मागे घरंगळली आणि मागच्या ट्रकचा बंपर नंबरप्लेटला टेकला. लागलं कुणालाच नाही. पण मागे सिस्टरची लेक बसली होती. ती घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही आणि घरी आल्यावर बोलायची थांबली नाही. लेक वकील, त्यात आईच्या काळजीनं अर्धी झालेली, तेव्हा तिच्यापुढे कुणाचं काय चालणार. शेवटी ठरलं ते असं, की रविवारी सकाळी आईनं न थांबता टेकडी चढून दाखवायची. गाडी बंद पडली तर किल्ली लेकीकडे आणि गाडी सिस्टरच्या भाच्याच्या हॉटेलात. भाच्यानं काचेमागे जागासुद्धा करून ठेवली होती. गाडीवर पिवळा दिवा सोडायचा आणि सीटवर कुंडी ठेवायची, असा त्याचा बेत होता.

"कुंडी?" पावफेऱ्यांना राहवलं नाही.

"मनीप्लांटची," सिस्टर म्हणाल्या.

दोघंही जरा वेळ गाडीच्या सीटकडे बघत बसली.

"गाडी जाईल त्याचं दुःख आहेच हो," सिस्टर म्हणाल्या, "पण लेक म्हणते, गाडीत काही खोट नाही. आई, तुझेच हात मंदावलेत. तू चोक ओढतेस आणि परत ढकलायला विसरतेस. तुझा मेकॅनिकच म्हणाला, म्हणते." त्यांनी हातमोज्याचं एक बोट उलटं केलं, सुलटं केलं. "आता मलाही तसंच वाटायला लागलंय. चोक तीन तीनदा बघते, आणि तरी चढावर गाडी खोकली की वाटतं, विसरलेच असेन."

पावफेऱ्यांनी मान खाली घालून प्लगचा पाना शोधायला घेतला. कारण ते खरंच तसं म्हणाले होते. दोन महिन्यांपूर्वी सिस्टर हीच तक्रार घेऊन आल्या होत्या. चोक ही हवा अडवायची दांडी. थंड इंजिनाला सुरुवातीला पेट्रोल जास्त मिळावं म्हणून ती ओढायची आणि इंजिन तापलं की परत ढकलायची. पावफेऱ्यांनी प्लग काढला तर तो काजळीनं काळाकुट्ट. म्हणजे इंजिनाला पेट्रोल जास्त जातंय, म्हणजे चोक ओढलेलाच राहतोय, असा त्यांनी झटक्यात हिशोब केला आणि हसत हसत म्हणाले, "सिस्टर, चोक राहतोय वाटतं. होतं असं, वय झालं की." ना त्यांनी फळ्याला हात लावला, ना गाडी फिरवून आणली. लेक शेजारीच उभी होती. वकिलाच्या कानावर पडलेलं वाक्य, ते ती सोडते होय?

सिस्टर गेल्यावर त्यांनी फळा ओल्या फडक्यानं पुसला आणि पहिली ओळ लिहिली : चोकची दांडी काढून ठेवली. आता चोक ओढतो म्हटलं तरी ओढता येणार नव्हता. गाडी घेऊन ते स्वतः टेकडी चढले. वळणावर गचका, गुर्रगुर्र, मागून काळा धूर, आणि बंद. खाली येऊन प्लग काढला तर काळाकुट्ट. त्यांनी उजवीकडे लिहिलं : फरक नाही.

ही दोन शब्दांची ओळ लिहून ते तिच्याकडे बघत राहिले. चोक नाही. म्हणजे सिस्टरही नाहीत. दोन महिने एक बाई स्वतःच्या हातांवर संशय घेत जगली आणि तो संशय आपण हसत हसत तिच्या ओटीत घातला. आत्ताच्या आत्ता जाऊन सांगावं असं वाटलं, पण मग खोट कशात आहे, असं लेकीनं विचारलं असतं, आणि त्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. फळा भरत चालला. हवेची जाळी धुतली, फरक नाही. प्लग नवा घातला, तास दीड तास बरा, मग काळा. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचं अंतर बघितलं, बरोबर. पेट्रोल सोडणारे बारीक भोकांचे जेट काढले, त्यांवरचे नंबर भिंगातून वाचले, बरोबर. एअर स्क्रू पाव फेरा, अर्धा फेरा, पाऊण फेरा. सपाटीवर गाडी चांगली पळायला लागली, पण चढावर तेच. जेटमधली सुई एक खाच खाली केली, धूर कमी झाला, वळणावर मात्र गाडी पुन्हा रुसली. पेट्रोलचा नळ बंद करणारी टोकदार सुई नवी घातली, फरक नाही.

फ्लोटही त्यांनी हातात घेतला होता. फ्लोट म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत तरंगणारा लिंबाएवढा पोकळ पितळी डबा. वाटीत पेट्रोल भरत आलं की तो वर येतो आणि नळाचं तोंड बंद करतो. घरच्या पाण्याच्या टाकीत चेंडू जे काम करतो तेच. चार महिन्यांपूर्वी या फ्लोटला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं होतं आणि पावफेऱ्यांनी ते आपल्या हातानं सोल्डर मारून बुजवलं होतं. त्यांनी तो कानाशी धरून हलवला. आत पेट्रोलचा थेंब नाही, एकदम कोरडा. तो परत जागेवर गेला. त्याला फळ्यावर ओळसुद्धा मिळाली नाही. स्वतः सोल्डर मारलेली वस्तू कोण तपासत बसतो?

शुक्रवारी संध्याकाळी फळ्यावर अकरा ओळी झाल्या आणि घरी वहिनींनी विचारलं, "जेवताय की ऐकताय?" पावफेरे भाताकडे बघत बसले होते.

शनिवारी सकाळी सोनार नेहमीसारखा पेपर मागायला आला. दुकानं शेजारी शेजारी, पण पेपर एकच, आणि तो कुणी घ्यायचा यावर वीस वर्षं वाद. पावफेऱ्यांनी कार्बोरेटर पुन्हा उघडून ताटात मांडला होता. सोनारानं सवयीनं ताटातला चकचकीत पितळी डबा उचलला आणि तळहातावर दोनदा उडवला.

"ही झाळ कुणी मारली?"

"मी मारली."

"दिसतंय." सोनारानं फ्लोट उजेडात धरला. भोकावर वाटाण्याएवढा सोल्डरचा गोळा चमकत होता. "जड आहे रे."

"मजबूत आहे."

"मजबूत असेल, पण जड आहे. बांगडीला मी एवढी झाळ मारली ना, तर गिऱ्हाईकही मला असंच मजबूत भेटेल."

पावफेरे काहीतरी तिखट बोलणार होते. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. जड. फ्लोट जड झाला की पेट्रोलात खोल बसणार. खोल बसला की नळ उशिरा बंद करणार. म्हणजे वाटीत पेट्रोल कायमच चढलेलं. सपाटीवर कसंबसं निभणार, पण चढावर गाडी तिरपी झाली की ते चढलेलं पेट्रोल सरळ इंजिनात ओतलं जाणार. काळा प्लग, काळा धूर, वळणावर गचका, सगळं एका माळेत येऊन बसलं. फ्लोट गळतो का, हे त्यांनी बघितलं होतं. तो वजनाला भरतो किती, हे विचारायचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यांनी भंगाराचा डबा जमिनीवर उपडा केला आणि तसल्याच गाडीचा एक जुना फ्लोट शोधून काढला. तो एका बाजूनं चेपलेला होता, वापरायच्या लायकीचा नव्हता, पण वजनाला चालण्यासारखा. दोघं सोनाराच्या काट्यापाशी गेले. जुना फ्लोट नऊ ग्रॅम. पावफेऱ्यांचा साडेअकरा.

"अडीच ग्रॅम," सोनार म्हणाला. टोमणा मारायची अशी संधी वीस वर्षांत आली नव्हती, पण मित्राचा चेहरा बघून त्यानं ती सोडून दिली.

पावफेऱ्यांनी गोळा वितळवून काढला, भोक पुन्हा उघडं पडलं आणि डबा गरम पाण्यात धरून त्यांनी आतली पेट्रोलची वाफ जाऊ दिली. मग त्यांनी सोल्डरिंग आयर्न हातात घेतलं, सोल्डरची तार हातात घेतली, आणि दोन्ही खाली ठेवली.

"तू मार," ते म्हणाले.

सोनारानं त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. "माझ्या दुकानात नाही हं. तुझं ते शिसं माझ्या पाटावर सांडलं तर सोनं नासेल." तो आपली फुंकणी आणि दिवा घेऊन पावफेऱ्यांच्या ओट्याशी बसला, चिमट्यात तिळाएवढा सोल्डरचा तुकडा धरला, गाल फुगवले आणि ज्योतीतून एक बारीक फुंकर मारली. तीळ वितळला, भोकात शिरला, संपलं. काट्यावर फ्लोट नऊ ग्रॅमांवर जेमतेम केसभर भरला. उकळत्या पाण्यात बुडवला, एक बुडबुडा आला नाही.

"मी जाईन, माझं सोल्डर राहील," सोनार म्हणाला. न बोलून किती वेळ राहणार बिचारा.

फ्लोट बसवला, पण पावफेऱ्यांनी बाकीचं सगळं एकदम पूर्ववत केलं नाही. सुई एक खाच वर, गाडी फिरवून आणली. एअर स्क्रू पाव पाव फेऱ्यानं परत, दर वेळी टेकडीचा फेरा आणि फळ्यावरच्या जुन्या ओळीपुढे एक खूण. चार वाजेपर्यंत हेच. शेवटच्या फेऱ्यात अवघड वळणावर त्यांनी मुद्दाम गॅस पूर्ण सोडला, गाडी हळू केली आणि मग मूठ पिळली. इंजिनानं एक क्षणही विचार केला नाही. एकसारखा, भरदार, गोल आवाज. पावफेरे टेकडीवरून खाली आले ते मोठ्यानं गात, आणि त्यांचा आवाज फारच वाईट आहे, हे इथं सांगायलाच हवं.

दुकानात येऊन त्यांनी बारावी ओळ लिहिली. डावीकडे : फ्लोट, अडीच ग्रॅम कमी केला. मग खडू उजवीकडे थबकला. त्यांनी लिहिलं : माझी चूक.

"पुस ते," सोनार दारातून म्हणाला. "कार्बोरेटर साफ केला म्हणून सांग. गाडी चढल्याशी मतलब. उद्या हे गल्लीभर झालं तर तुझ्याकडे फ्लोट कोण घेऊन येईल?"

सोनाराची भीती खोटी नव्हती. तीस वर्षांचं नाव, आणि तेही सोल्डरच्याच जोरावर. गाडी टेकडी चढली असती, सिस्टर जिंकल्या असत्या, आणि पावफेऱ्यांनी गाडी सुधारली अशी वाहवा वर मिळाली असती. फक्त सिस्टर घरी जाऊन आयुष्यभर चोक तीन तीनदा बघत राहिल्या असत्या. पावफेऱ्यांनी फडकं उचललं, त्यानं हात पुसले आणि फडकं खिळ्याला अडकवलं.

रविवारी सकाळी सिस्टर आल्या, बरोबर लेक. तिच्या चेहऱ्यावर जिंकायची हौस अजिबात नव्हती. हरल्यावर आईला कसं सावरायचं, याचीच तयारी दिसत होती. सिस्टरनी गाडीकडे न बघता विचारलं, "झालं काही?"

"आधी हे वाचा," पावफेरे म्हणाले आणि फळ्यासमोरून बाजूला झाले. मग त्यांनाच धीर धरवेना. "सिस्टर, चोक तुम्ही कधीच विसरला नव्हता. दांडी काढून ठेवली तरी गाडी तशीच बंद पडत होती. फ्लोटला सोल्डर मी जास्त मारलं, त्यानं पेट्रोल चढत होतं. आणि वर तुम्हालाच वयाचं बोललो, न तपासता." ते लेकीकडे वळले. "ताई, तुमच्यासमोर बोललो होतो, म्हणून तुमच्यासमोरच मागे घेतो."

सिस्टरनी चष्मा सारखा केला आणि बाराही ओळी पहिल्यापासून वाचल्या, वॉर्डात रुग्णाचा तक्ता वाचावा तशा, बोटानं. शेवटच्या ओळीवर बोट बराच वेळ थांबलं.

"म्हणजे मी नव्हते," त्या म्हणाल्या.

"तुम्ही नव्हता."

त्यांनी स्वतःचे दोन्ही हात वर करून बघितले, पुढून, मागून. डोळे भरून आले होते आणि त्या हसत होत्या. लेकीनं "आई" एवढंच म्हटलं. मग सिस्टरनी डोळे पुसले, आणि तो हरवलेला आवाज चार दिवसांनी पुन्हा गल्लीत घुमला. "पावफेरे, बसा मागे."

"मी? कशाला?"

"चूक तुमची. मधेच बंद पडली तर ढकलायला कोण, मी?"

लेक स्कूटरवरून पुढे गेली आणि टेकडीच्या माथ्यावर, इस्पितळाच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. पावफेरे मागे बसले. आयुष्यभर ते मोटरसायकलींवर जगले, पण दुसऱ्याच्या मागे बसायची ही पहिलीच वेळ, आणि हात कुठे धरायचे हेच त्यांना कळेना. सिस्टरनी एकाच किकला गाडी चालू केली. चढ सुरू झाला, पावफेऱ्यांचा कान आपोआप इंजिनाकडे गेला. पहिला टप्पा, दुसरा टप्पा. दोन माणसांचं वजन, आणि आवाजात कुठे खोट नाही. अवघड वळण आलं. समोरून दुधाची गाडी उतरत होती, तिला वाट द्यायला सिस्टरनी गॅस सोडला आणि गाडी जवळजवळ उभी केली. इथंच ती दर वेळी मरायची. पावफेऱ्यांनी डोळे मिटले. सिस्टरनी मूठ पिळली आणि मोटरसायकल त्या दोघांना घेऊन तडक वर निघाली.

माथ्यावर लेक दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी होती. तिनं हात काढले तेव्हा ती हसत होती, आणि आईला मिठी मारायला पुढेही आली होती. पण सिस्टर थांबल्याच नाहीत. फाटकाच्या आत एक गोल चक्कर मारून, पहारेकऱ्याच्या सलामाला मान डोलावून, त्या लेकीच्या समोरून पुन्हा उताराला लागल्या. खाली पोचल्या, वळल्या, पुन्हा वर. वर पोचल्या, चक्कर, पुन्हा खाली. तिसऱ्या फेरीत लेक टाळ्या वाजवत होती आणि इस्पितळाच्या खिडक्यांत चार दोन नर्स जमल्या होत्या. पावफेऱ्यांची टोपी कधीच उडाली होती. कंबर आखडली होती.

"सिस्टर," चौथ्यांदा माथ्यावर पोचल्यावर ते कळवळून म्हणाले, "आता थांबू या की जरा."

"चार महिने दर चढावर थांबतेच आहे," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी गाडी उताराला घातली.